चांदोरचा संपादक

६ जानेवारीला आपल्याकडे पत्रकार दिन असतो. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली त्या दिवशी ‘दर्पण’ काढलं, हे जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेत शिकलेल्या पोराला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. (आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांनासुद्धा!) त्यामुळे मराठी विभागासाठी एखाद्या मोठ्या माणसाचं चरित्र लिही, असं सरांनी सांगितलं तेव्हा रूममधल्या सगळ्यांनी एका सुरात बाळशास्त्रींचंच नाव घेतलं. पण मला दुसराच एक संपादक खुणावत होता. तो आपल्या जिल्ह्याचा नाही. मात्र जिल्हा जिथे संपतो तिथून फार लांबचाही नाही. आणि बाळशास्त्री शिक्षणात रमले, हा माणूस मात्र लिहिता लिहिता राजकारणात उतरला. नाव लुईस द मिनेझिस ब्रागांझा.

नाव ऐकून पोर्तुगीज साहेब वाटतो ना? साहेब वगैरे कुणी नव्हता. अस्सल गोंयकार होता. पोर्तुगीजांच्या राज्यात, पोर्तुगीजांच्याच भाषेत, पोर्तुगीजांना खडे बोल सुनावणारा.

१५ जानेवारी १८७८ रोजी सासष्टी तालुक्यातल्या चांदोर गावी त्यांचा जन्म झाला. चांदोर म्हणजे मडगावच्या पूर्वेला, भाताच्या शेतांमधलं गाव. कदंबांच्या काळातलं चंद्रपूर ते हेच. आता गाव शांत आहे, पण चर्चसमोरच्या रस्त्याला ब्रागांझांचा वाडा आहे तो बघून डोळे फिरतात. रस्त्याच्या कडेने खिडक्यांची लांबच लांब रांग, एक संपते तर दुसरी सुरू. माझे मामा मडगावला असतात, त्यांच्याबरोबर मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत हा वाडा बघून आले. वाड्याचे दोन भाग आहेत. एका बाजूला मिनेझिस ब्रागांझा, दुसऱ्या बाजूला ब्रागांझा परेरा. आत झुंबरं, चिनी मातीची भांडी, कोरीव खुर्च्या, नाचाचा मोठा हॉल. आणि लुईसबाबांच्या बाजूला पुस्तकांची कपाटं. मामा झुंबरांचे फोटो काढत होते, मी कपाटांच्या काचेला नाक लावून उभी. एवढी पुस्तकं आपल्या हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये असती तर निदान डुलकी काढायला तरी लोक गेले असते.

एक गंमत सांगते. वाड्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात कुटुंबाचं छोटं प्रार्थनागृह आहे. तिथे संत फ्रान्सिस झेवियर यांचं नख पवित्र अवशेष म्हणून जपून ठेवलेलं आहे. आणि भिंतीच्या अलीकडच्या भागात जन्मलेले आपले संपादक मात्र चमत्कारांच्या गोष्टींवर विश्वास न ठेवणारे, झेवियरभोवती रचलेल्या दंतकथांवर टीकेची लेखणी चालवणारे. एकाच छपराखाली! मी स्वतः कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली, नोव्हेना आणि फेस्त यांची मला सवय. त्यामुळे हे वाचताना सुरुवातीला थोडं अडखळायला झालं, खोटं कशाला बोलू. पण त्यांचा राग श्रद्धेवर असण्यापेक्षा, श्रद्धेच्या नावाने लोकांना गप्प बसवणाऱ्यांवर जास्त होता, असं माझं मत झालं आहे.

शिक्षणाची सुरुवात राशोलच्या सेमिनरीत झाली. त्या काळी गोव्यातल्या मोठ्या घरांतली मुलं तिथे लॅटिन वगैरे शिकायला जायची, सगळीच काही पाद्री होत नसत. हेही पाद्री झाले नाहीत. नंतर पणजीच्या लिसेवमध्ये शिकले. लिसेव म्हणजे सरकारी हायस्कूल. आता ह्या राशोलबद्दल आपल्याला माहीत असायलाच हवी अशी एक गोष्ट आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ साली राशोलमध्येच छापलं गेलं. ते मराठीत आहे, ओव्यांमध्ये आहे, आणि छापलं रोमन लिपीत. म्हणजे मोबाईलवर रोमन अक्षरांत मराठी लिहिणारे आपण काही पहिले नव्हे.

पण गोव्यातल्या छपाईची कहाणी मोठी विचित्र आहे. भारतातलं पहिलं छापयंत्र १५५६ साली गोव्यात उतरलं. मुंबई-कोलकात्याच्या कितीतरी आधी. आणि पुढे काय झालं? शंभरेक वर्षं पुस्तकं छापली, मग यंत्रं थंडावली आणि गोव्याला दीर्घकाळ छापखानाच उरला नाही. ‘गॅझेट द गोवा’ हे पहिलं वर्तमानपत्र निघालं १८२१ च्या डिसेंबरात. तेही सरकारी. मध्ये १६८४ साली एका व्हाइसरॉयने हुकूम काढला होता की लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. आमच्या शाळेत मराठी बोललं की दंड असायचा, एका वाक्याला एक रुपया. तेव्हा आम्हाला तो फार मोठा अन्याय वाटायचा. इथे तर अख्ख्या प्रदेशाला दंड!

अर्थात हुकूम काढून भाषा मरत नाही. घरात, बाजारात, शेतात कोकणी चालू राहिली. हिंदूंच्या देवळांत आणि शाळांत मराठी चालू राहिली. विशेषतः नव्या काबिजादींमध्ये. नव्या काबिजादी म्हणजे पोर्तुगीजांनी अठराव्या शतकात उशिरा मिळवलेले तालुके. त्यातले पेडणे, डिचोली, सत्तरी हे आपल्या सावंतवाडीकर भोसल्यांकडून गेलेले आहेत. मोपाचा विमानतळ झाला आहे ते पेडणे एकेकाळी सावंतवाडीच्या राज्यात होतं. तेव्हा तेरेखोलच्या पलीकडचे लोक आपल्याला परके कधीच नव्हते. सोयरीक तिकडे, देव तिकडे, दशावतारी मंडळी दोन्हीकडे. मध्ये फक्त दोन सरकारं.

तर अशा गोव्यात, २२ जानेवारी १९०० रोजी, मेसियस गोमिश या प्राध्यापकांच्या जोडीने लुईस ब्रागांझांनी ‘ओ हेराल्दो’ सुरू केलं. गोव्यातलं पोर्तुगीज भाषेतलं पहिलं दैनिक. तेव्हा ब्रागांझांचं वय बावीस! आपण बावीसाव्या वर्षी कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी टाय बांधायला शिकत असतो. रोज दैनिक काढणं म्हणजे काय, हे ज्यांनी आपल्या वार्षिक अंकाचं काम केलं आहे त्यांना विचारा. वर्षातून एकदा काढायचा तर किती पळापळ होते. तिथे हाताने खिळे जुळवायचे आणि दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून.

‘ओ हेराल्दो’ मधलं त्यांचं लिखाण उपहासाचं होतं. सरकारी अधिकारी, पुढारी, जमीनदार, जातीचा तोरा मिरवणारे ख्रिस्ती, सगळ्यांचीच फिरकी घेतलेली. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. गोव्यातल्या ख्रिस्ती समाजात बामण, चार्डो, सुदीर असे भेद होतेच. देव बदलला तरी जात बदलली नव्हती. ब्रागांझा स्वतः वरच्या घरातले, मोठ्या वाड्यातले. त्यांच्यासारख्यांनी सरकारी मेजवान्यांना जावं, मुलांना लिस्बनला पाठवावं आणि सुखाने राहावं, अशी साधारण पद्धत होती. ह्यांनी आपल्याच वर्गाला चिमटे काढायला सुरुवात केली. जात्यातल्याने सुपातल्याला हसणं वेगळं आणि सुपातल्याने सुपातल्यांनाच हसणं वेगळं. मला हा भाग सगळ्यात धाडसाचा वाटतो. सरकारशी भांडताना माणसाच्या मागे निदान आपले लोक असतात. आपल्याच लोकांशी भांडताना मागे कोण?

१९१० च्या ऑक्टोबरात पोर्तुगालमध्ये राजा गेला आणि प्रजासत्ताक आलं. लिस्बनमधली ही उलथापालथ गोव्याला फार मोठी ठरली. पुढच्या वर्षी धर्म आणि राज्यकारभार वेगळे करणारा कायदा झाला. तोपर्यंत कॅथलिक धर्म हाच राज्याचा धर्म होता. त्यामुळे गोव्यातल्या हिंदूंना सरकारी नोकरीची आणि सार्वजनिक जीवनाची दारं जवळजवळ बंद होती. आता कागदावर तरी सगळे नागरिक सारखे झाले. हिंदूंनी शाळा काढल्या, वाचनालयं काढली, नोकऱ्यांना अर्ज केले. आणि अर्थातच विरोधही सुरू झाला. ह्यांना कुठला आलाय कारभार जमायला, असा सूर जुन्या मंडळींनी लावला.

ब्रागांझांनी १९११ मध्येच ‘ओ देबाते’ नावाचं नवं पत्र काढलं. देबाते म्हणजे वादविवाद. नावातच सगळं आलं. प्रजासत्ताकाने जे हक्क दिले ते हिंदूंना खरोखर मिळाले पाहिजेत, ही बाजू त्यांनी ठामपणे मांडली. एका ख्रिस्ती घरंदाज संपादकाने हिंदूंची बाजू घ्यावी आणि तीही पोर्तुगीजमध्ये, सरकारला कळेल अशा भाषेत, ह्याला त्या दिवसांत फार किंमत होती. तक्रार मराठीत लिहिली असती तर अधिकाऱ्यांनी ती न वाचताच फायलीत टाकली असती.

आता मी ज्यावर बरेच दिवस विचार करते आहे तो मुद्दा. पोर्तुगीजमध्ये लिहिण्याचा फायदा हा की राज्यकर्त्यांना ते टोचतं. तोटा हा की ज्यांच्यासाठी भांडताय त्यातल्या बहुतेकांना ते वाचता येत नाही. पेडण्याच्या शेतकऱ्याला, काणकोणच्या रापणकाराला ‘ओ हेराल्दो’ चं काय? आमच्या भाषेत सांगायचं तर ट्रान्समीटर उत्तम, पण रिसीव्हरच कमी. (मी इलेक्ट्रॉनिक्सची आहे, एवढं चालवून घ्या.) टिळकांचा ‘केसरी’ गावात एकाने मोठ्याने वाचायचा आणि दहाजणांनी ऐकायचा, असं चालायचं. ब्रागांझांच्या लेखाचं तसं होणं अवघडच होतं. १९२८ च्या सुमाराला ते ज्या पत्रातून लिहू लागले त्याचं नाव ‘प्रकाश’ असं होतं. पोर्तुगीज वळणाच्या त्या नावांच्या गर्दीत हे नाव कुठल्याही मराठी, कोकणी माणसाला कळणारं. मला ते नाव वाचून बरं वाटलं. पण नाव बदललं म्हणून वाचक एका दिवसात वाढत नाहीत. आणि तोवर दिवसही बदलले होते.

२८ मे १९२६ रोजी पोर्तुगालमध्ये लष्कराने सत्ता घेतली. सोळा वर्षांचं प्रजासत्ताक संपलं. १९२८ मध्ये सालाझार नावाचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक अर्थमंत्री झाला आणि हळूहळू सगळं त्याच्या मुठीत गेलं. १९३२ मध्ये तो पंतप्रधान झाला आणि पुढची छत्तीस वर्षं खुर्चीवरून उठला नाही. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. छापण्याआधी मजकूर अधिकाऱ्याला दाखवायचा, त्याने मारलेल्या ओळी काढायच्या आणि मग छापायचं. आपल्या अंकाचा मजकूर सर तपासतात तेव्हा आपण कुरकुर करतो, पण सर निदान शुद्धलेखन तरी सुधारतात!

संपादकाचा हात असा बांधला गेला तेव्हा ब्रागांझांकडे दुसरी एक जागा होती. ते पणजीच्या कायदे कौन्सिलचे सभासद होते. ह्या कौन्सिलला फार मोठं समजू नका. काही सभासद सरकारचे, काही निवडलेले, मतदानाचा हक्क मोजक्यांना, आणि गव्हर्नर जनरलच्या वर जाण्याची ताकद कुणालाच नाही. आपल्या विधानसभेशी तुलना केली तर ते फार तर आपल्या स्टुडंट्स कौन्सिलच्या जवळ जाईल. ठराव करा, इतिवृत्तात लिहा, घरी जा. पण एक होतं. तिथे बोललेलं आणि मंजूर झालेलं सरकारी दप्तरात लिहिलं जायचं. सेन्सॉरने वर्तमानपत्रातली ओळ खोडली तरी दप्तरातली ओळ राहायची.

१९३० साल. आपल्या किनाऱ्यावर त्या वर्षी काय चाललं होतं ते आधी आठवा. गांधीजी मार्चमध्ये दांडीला निघाले. मे महिन्यात आपल्या शिरोड्याच्या मिठागरावर सत्याग्रह झाला, लोकांनी मीठ उचललं, लाठ्या खाल्ल्या. शिरोड्याहून तेरेखोल किती लांब आहे? बाईकवरून जाताना गाणं संपत नाही तोवर येतं. म्हणजे इकडच्या किनाऱ्यावर इंग्रजांचा कायदा मोडला जात होता तेव्हा तिकडे, त्याच समुद्राला लागून, दुसऱ्या सरकारचा नवा कायदा येऊ घातला होता.

त्या कायद्याचं नाव आक्तो कोलोनियाल, म्हणजे वसाहत कायदा. तेव्हा सालाझार वसाहतखात्याचंही काम तात्पुरतं बघत होता आणि ह्या कायद्यामागे मुख्यतः तोच होता. प्रजासत्ताकाच्या काळात गोवा हा पोर्तुगालचा समुद्रापलीकडचा प्रांत म्हणवला जायचा. आता तो वसाहत ठरणार होता, साम्राज्याची मालमत्ता. कायद्याच्या सुरुवातीलाच म्हटलं होतं की समुद्रापलीकडचे मुलूख ताब्यात ठेवणं, वसवणं आणि तिथल्या लोकांना सुधारणं हे पोर्तुगीज राष्ट्राच्या मूळ घडणीतच आहे. घडणीतच आहे म्हटल्यावर वादच संपला! नोकरी नसते ती, स्वभाव असतो. पावसाने पडावं तसं पोर्तुगालने राज्य करावं.

मसुदा गोव्यात पोचला तेव्हा सुशिक्षित लोक दुखावले. चारशे वर्षं पोर्तुगीज बोलून, कोट घालून, लिस्बनच्या पार्लमेंटात सभासद पाठवूनसुद्धा आपण शेवटी सुधारून घ्यायची माणसंच का? पुष्कळांची तक्रार एवढीच होती की आम्हाला वसाहत म्हणू नका, प्रांतच म्हणा. म्हणजे मालक राहू द्या, पण जरा मानाने वागवा.

ब्रागांझा तिथे थांबले नाहीत, म्हणून मी हा लेख लिहिते आहे. जुलै १९३० च्या सुरुवातीला पणजीच्या कौन्सिलमध्ये त्यांनी ठराव मांडला. वसाहत कायद्याचा निषेध तर त्यात होताच. पण पुढे असंही होतं की स्वतःचं भवितव्य स्वतः घडवण्याचा जो हक्क प्रत्येक जनतेला असतो तो पोर्तुगीज भारताने सोडलेला नाही, कारण तो हक्क त्याच्या मूळ घडणीतच आहे. पाहिलंत? शब्द तोच. सालाझारच्या मसुद्यात राज्य करणं हे पोर्तुगालच्या घडणीत होतं, ह्यांच्या ठरावात स्वतंत्र होणं हे गोव्याच्या घडणीत. तीस वर्षं संपादकी केलेला माणूसच हे करू शकतो. शत्रूचाच शब्द उचलायचा आणि त्याच्याच पदरात टाकायचा. टिळकांनी ज्याला जन्मसिद्ध हक्क म्हटलं तेच हे, पण सरकारी कौन्सिलच्या कोरड्या भाषेत.

ठराव मंजूर झाला. विचार करा, पोर्तुगीजांच्या स्वतःच्या सभागृहात, त्यांच्या दप्तरात, त्यांच्या भाषेत ही ओळ लिहिली गेली.

आणि झालं काय? काहीच नाही. ८ जुलै १९३० रोजी लिस्बनमध्ये वसाहत कायदा जारी झाला. ठरावाची शाई वाळते न वाळते तोच. पुढे १९३३ मध्ये पोर्तुगालची नवी राज्यघटना आली आणि हा कायदा तिचाच भाग बनला. गोवा अधिकृतपणे वसाहत झाला.

हे वाचून माझ्या रूममेटने विचारलं की मग ह्या माणसाने जिंकलं काय? तिचा प्रश्न बरोबर आहे. तिला मी लगेच उत्तर दिलं नाही. लोकांनी मोर्चा काढला नाही, कारण बहुतेकांना ठराव झाल्याचं कळलंच नसणार. तो पोर्तुगीजमध्ये होता, बंद खोलीत होता, आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. शिरोड्याला सत्याग्रहींनी उचललेलं मूठभर मीठ अडाण्यालाही समजत होतं. पणजीतला ठराव समजायला पोर्तुगीज यायला हवं होतं, आणि वसाहत कायद्याचं दुसरं कलमही वाचलेलं असायला हवं होतं. चळवळ म्हणून मिठाची बरोबरी ठरावाला येणार नाही, हे मी ब्रागांझांची चाहती असूनही कबूल करते. पण त्या सभागृहात मीठ नेऊन चाललं नसतं. तिथे शब्दच चालत होते, आणि तिथे तो शब्द बोलायला दुसरं कोणी पुढे आलं नव्हतं.

नंतरची वर्षं फार आनंदाची नव्हती. सेन्सॉर घट्ट होत गेला. ज्या माणसाचं सगळं आयुष्य छापील कागदावर गेलं त्याला छापायला जागा उरली नाही. ‘प्रकाश’ही तीसच्या दशकात बंद पडलं. १० जुलै १९३८ रोजी, साठाव्या वर्षी, चांदोरला त्यांचं निधन झालं. लोकांनी त्यांना सगळ्यांत मोठा अशा अर्थाची पोर्तुगीज पदवी दिली होती, आणि ती पोर्तुगालमध्येही माहीत होती. सालाझारचं राज्य मात्र जोरात होतं आणि गोवा सुटायला अजून तेवीस वर्षं होती.

चांदोरच्याच मातीतले त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनी १९२८ मध्ये गोवा काँग्रेस कमिटी स्थापन केली होती. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहियांची सभा झाली आणि चळवळ रस्त्यावर आली. कुन्हांना अटक झाली, पोर्तुगालमध्ये कैदेत ठेवलं, तिथून सुटून ते मुंबईला आले आणि ‘फ्री गोवा’ नावाचं पत्र काढलं. लुईसबाबांची मुलगी बेर्टा ह्याच पत्राच्या कामात होती. वाड्यातली मुलगी, आणि वडिलांचाच धंदा! फक्त भाषा आता इंग्रजी आणि छापखाना सेन्सॉरच्या बाहेर, मुंबईत.

मग आपला जिल्हा पुढे येतो. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावला. पुढच्या वर्षी त्याच तारखेला पत्रादेवीला निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या. आणि १९५५ च्या नोव्हेंबरात आपल्या आंबोलीच्या जंगलातून एक छुपं रेडिओ केंद्र सुरू झालं. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ही जोडी ते चालवायची. ट्रकमध्ये ट्रान्समीटर, आजूबाजूला जळवा आणि धुकं, आणि रोज पोर्तुगीज व कोकणीतून बातम्या. नंतर केंद्र कॅसलरॉकच्या बाजूला हललं आणि गोवा सुटेपर्यंत चालू राहिलं. आंबोलीला भजी खायला जाणाऱ्या आपल्या ग्रुपमध्ये हे किती जणांना माहीत आहे?

मला ह्या केंद्राचं वेगळंच अप्रूप वाटतं. ब्रागांझांच्या लेखणीला जी भिंत आडवी आली, ती इथे नव्हती. ऐकायला अक्षर यावं लागत नाही. कोकणीत बोललेलं पेडण्याच्या माणसालाही कळत होतं आणि पोर्तुगीजमध्ये बोललेलं पणजीच्या सेक्रेटरिएटलाही. रेडिओच्या लहरींना पत्रादेवीच्या नाक्यावर थांबावं लागलं नाही. लुईसबाबांच्या हातात १९३० साली असं एखादं केंद्र असतं तर? असो. जर-तरला मार्क नसतात.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पणजीत आझाद मैदानाजवळ एक जुनी संस्था आहे. १८७१ साली स्थापन झाली तेव्हा तिला वास्को द गामाचं नाव दिलं होतं. १९६३ मध्ये ते नाव काढून मिनेझिस ब्रागांझा हे नाव दिलं गेलं. आणि ज्या ‘ओ हेराल्दो’ पासून ह्या माणसाने सुरुवात केली, ते पत्र बंद पडलं नाही. ऑक्टोबर १९८३ मध्ये त्याने पोर्तुगीज सोडली आणि ते इंग्रजी दैनिक झालं.

संस्थेच्या प्रवेशाच्या दालनात भिंतीवर निळ्या-पांढऱ्या पोर्तुगीज फरशा बसवलेल्या आहेत. त्यांच्यावर कामोइशच्या महाकाव्यातली चित्रं आहेत, वास्को द गामाच्या सफरीची, पोर्तुगीजांच्या पराक्रमाची. बाहेर दारावर नाव ब्रागांझांचं, आत भिंतीवर गलबतं गामाची. मुक्तीनंतर त्या फरशा कुणी उखडल्या नाहीत. पणजीला गेलात तर पाच मिनिटं आत डोकावून या, मिरामार काही पळून जात नाही.